हक्क आहे, पुढे काय?



मूल पाच वर्षांचं झालं की अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती आईबापांपुढे प्रश्न पडतो: सरकारी शाळेत घालायचं की चर्चच्या? सरकारी शाळेला फी नाही, पण तिथे धर्मशिक्षणही नाही. आपल्याकडच्या कॉन्व्हेंटात देशपांडे, शेख, डिसोझा एका बाकावर बसतात, म्हणून हा पेच आपल्याला चटकन उमगत नाही.

गंमत अशी, की तिथल्या कॅथलिकांनी वेगळ्या शाळा काढल्या त्या सरकारी शाळेत धर्म होता म्हणून! रोज बायबल वाचलं जाई, पण प्रोटेस्टंटांचं. आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या, असं फिलाडेल्फियाच्या बिशप केनरिक यांनी 1842 साली मागितलं. 1844 साली तिथे दंगली पेटल्या, माणसं मेली, चर्च जळाली. अखेर 1884 साली बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेत ठरलं, की दोन वर्षांत प्रत्येक चर्चजवळ शाळा हवी.

1922 साली ओरेगन राज्यानं सरकारी शाळाच सक्तीची केली. त्या कायद्याच्या पाठीराख्यांत कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची, कॅथलिकविरोधी संघटना होती. 1925 साली सुप्रीम कोर्टानं एकमतानं तो मोडीत काढला. मूल सरकारच्या मालकीचं नाही, हे तेव्हाच ठरलं. शाळा निवडण्याच्या हक्काचा वाद तिथे मिटला, शहाणपणाचा उरला.

सरकारी शाळांतलं बायबल मात्र अजून होतंच. पेनसिल्व्हेनियात रोज बायबलमधली किमान दहा वचनं वाचण्याचा कायदा होता. 1956 साली अबिंग्टनच्या हायस्कूलमध्ये हे वाचन चालू असताना एलरी शेंप हा सोळा वर्षांचा मुलगा शांतपणे कुराण उघडून बसला. प्रार्थनेला उभाही राहिला नाही. रवानगी थेट मुख्याध्यापकांकडे! घरच्यांनी दावा लावला आणि 1963 साली सुप्रीम कोर्टानं ते सक्तीचं वाचन थांबवलं. ‘देवाला शाळेबाहेर काढलं’ अशी ओरड झाली. पण कोर्टानं बंद केली ती शाळेनं घेतलेली प्रार्थना. मुलानं मनोमन केलेली कोण बंद करणार?

याच काळाला काळी बाजूही आहे. काळ्यागोऱ्यांना एकत्र बसवायला नको म्हणून व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं 1959 ते 1964 सरकारी शाळांना टाळंच लावलं. गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाली; काळी मुलं घरी बसली. पुढे दक्षिणेत गोऱ्यांपुरत्या अनेक शाळांनी ‘ख्रिस्ती’ ही पाटी लावली. सगळ्या ख्रिस्ती शाळा तशा नव्हत्या. पण पाटीवरून आतलं कळत नाही, एवढं खरं.

म्हणून शाळा निवडताना आईबापांनी आधी स्वतःला विचारावं: आपल्याला धर्मशिक्षण हवंय, की शेजारचं पोर नकोय? धर्मशिक्षणच हवं असेल, तर पालकांच्या लेखी संमतीनं शाळेच्या वेळेत मुलाला चर्चमध्ये शिकायला पाठवण्याची सोय 1952 साली कोर्टानंच मान्य केली आहे. माझा कौल सरकारी शाळेला. तिथे मूल परक्यांबरोबर राहायला शिकतं. श्रद्धा शिकवणं हे घरचं काम. ते फी भरून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.