पाहुण्याला उत्तर कोण देणार?

माननीय उद्घाटक, अध्यक्षमहोदय, महाराष्ट्र-गोव्याहून आलेले हॉटेलवाले, घरगुती निवास चालवणाऱ्या भगिनी आणि इथले तमिळ व्यावसायिक मित्रहो,

चेन्नईजवळच्या सिरुसेरीत आपले मनःपूर्वक स्वागत. पणजी, महाबळेश्वर सोडून आयटी पार्कात कसली परिषद भरवता, असे बऱ्याच जणांनी विचारले. सिपकॉटच्या या पार्कात रुजू व्हायला निघालेला सांगलीचा मुलगा गाडीत बसण्याआधीच व्हॉट्सॲपच्या गटावर विचारतो: पीजी नावलूरला बरे की केळंबाक्कमला? पाणी टँकरचे का? पोळी मिळते, की तिन्हीत्रिकाळ भात? तासाभरात उत्तरे येतात, फोटोंसकट. तुमची जाहिरात त्याने पाहिलेलीही नसते. म्हणून इथे.

तमिळ मुलखात पाहुणचाराची मराठी परंपरा जुनी आहे. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंच्या राहण्या-जेवणासाठी छत्रे चालवली. दुसऱ्या सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात तिथला शिरस्ता सांगितला आहे: मध्यरात्री घंटा वाजवायची आणि कुणी उपाशी राहिला असेल तर त्याला बोलावून जेवू घालायचे. पाहुण्याने तक्रार करायची वेळच येऊ द्यायची नाही!

आता पाहुणा आणि आपण यांच्यामध्ये तिसरा बसला आहे: अभिप्रायांची आणि बुकिंगची संकेतस्थळे. ट्रिपॲडव्हायझर २००० साली निघाले, एअरबीएनबी २००८ साली. त्यांच्यामुळे तारकर्लीच्या दोन खोल्यांनाही परगावचे गिऱ्हाईक मिळू लागले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण आपल्याच हॉटेलचा दर दुसरीकडे कमी लावायचा नाही, ही बुकिंग कंपन्यांची अट कुठली? असल्याच प्रकारांबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड ठोठावला. त्यामागे हॉटेलचालकांच्या महासंघाची तक्रार होती. एकेकट्याने कुरकुरून ते झाले नसते.

मात्र सगळे खापर कंपन्यांवर फोडू नका. पाहुणा लिहितो, ‘सकाळी गरम पाणी आले नाही, गिझरचा दिवा लागत होता, पाणी गारच.’ खाली आपले उत्तर: ‘आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद, पुन्हा अवश्य या.’ कशाला येईल तो? दुसरे, मेहुण्या-भाच्यांकडून पाच-पाच तारे लावून घेणे. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्येच मानक आणले. ते पाळणे ऐच्छिक आहे, तेवढ्याने आपण सुटलो असे कुणी समजू नये. वाचणाऱ्याला खोटे तारे कळतात. सगळे एकाच आठवड्यात उगवलेले असतात.

भाषणे आज थोडी ठेवली आहेत, हेही थोडक्यात आटोपतो. पहिल्या सत्रात प्रत्येकाने आपल्याला मिळालेला सर्वांत वाईट अभिप्राय मोबाइलवर काढून ठेवावा. त्याला इथेच, सर्वांसमक्ष, उत्तर लिहायचे आहे. दुपारी केळीच्या पानावर जेवण आहे. पोळ्याही सांगितल्या आहेत, पण आधी रसम घ्या. उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे, अशी विनंती करतो.