संथ आणि संक्षुब्ध : सतीश धवन यांचे प्रयोग



करोल बागेतील आपल्या घरी आज सकाळीही कोणीतरी नळ सोडला असेल. तोटी किंचित फिरविली की धार काचेच्या कांडीसारखी स्थिर दिसते. अधिक फिरविली की तीच विस्कटते. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची रेघ सोडून हेच स्थित्यंतर अभ्यासिले. ह्या विस्कटलेल्या गतीला पारिभाषिक मराठीत ‘संक्षोभ’ म्हणतात.

प्रा. सतीश धवन यांचे नाव निघताच आपल्याला अग्निबाण आठवतात. ते स्वाभाविकच आहे. १९७२ ते १९८४ ह्या काळात ते भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते. परंतु त्यांचा पिंड प्रयोगशाळेचा. १९२० साली श्रीनगर येथे जन्म, लाहोरला गणित, इंग्रजी साहित्य आणि यंत्र-अभियांत्रिकी असे त्रिविध शिक्षण. पुढे कॅलिफोर्नियात हान्स लीपमन यांच्या हाताखाली त्यांनी वाहती हवा पृष्ठभागाला किती ओढते, हे प्रत्यक्ष मोजले. पृष्ठभागाचा एक लहानसा तुकडा सुटा ठेवावयाचा आणि त्यावरील ओढ मोजावयाची, अशी ती युक्ती होती.

१९५१ साली ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथे रोद्दम नरसिंह हे विद्यार्थी त्यांना लाभले. पंखालगतचा हवेचा पातळ थर कोठे खवळतो, हा त्यांचा प्रश्न होता. थर खवळला की घर्षण पुष्कळच वाढते. म्हणून विमानाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा. संथ आणि संक्षुब्ध ह्यांमध्ये एखादी स्पष्ट रेषा असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मधल्या पट्ट्यात क्षोभाचे तुटक ठिपके उमटतात आणि प्रवाहाबरोबर वाहत जातात. त्यामुळे एकाच जागी क्षणात शांतता, क्षणात खळबळ. म्हणून ‘कोठे?’ याबरोबरच ‘किती वेळ?’ हेही विचारावे लागते. शून्य म्हणजे सर्वकाळ संथ, एक म्हणजे सर्वकाळ संक्षुब्ध. मधल्या प्रत्येक जागेस एक अपूर्णांक. योग्य मापाने मांडल्यास निरनिराळ्या प्रयोगांतील हे अपूर्णांक एकाच वक्ररेषेवर येतात, हे गुरुशिष्यांनी १९५८ सालच्या निबंधात दाखविले.

माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘येथे प्रवाह संक्षुब्ध होतो’ असे वाक्य होते. मराठी म्हणून ते निर्दोष होते, विज्ञान म्हणून चूक. ते खोडून ‘येथून प्रवाह अधूनमधून संक्षुब्ध होऊ लागतो’ असे लिहिले, तेव्हा त्या प्रयोगांचा अर्थ मला खऱ्या अर्थाने कळला. पारिभाषिक शब्द कोशात सापडतो. ‘अधूनमधून’ हा साधा शब्द मात्र प्रयोगानेच मिळवून दिला.