रविवारचे दोन तास

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय दिला होता 'गोधडीतून स्वयंरोजगार'. मी म्हटलं, या विषयावर बोलायला मी योग्य नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गोधडी शिवून मी आजवर एक रुपयाही कमावलेला नाही. उलट सुती कापड, दोरा, तुरटी, नीळ यांवर पैसे घालवलेत. मी शौक म्हणून गोधडी शिवते, शौक म्हणून कापड रंगवते आणि दर रविवारी दोन तास शिकवते. बोलायचं तर या शौकाबद्दलच बोलेन. ते म्हणाले, "बरं, बोला." त्यामुळे आज कमाईचा हिशेब माझ्याकडून मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात शिलाई मशीनपासून करते. माझी बारावी झाली, तेव्हा सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात मुलींना मशीन वाटण्याचा कार्यक्रम होता. अब्बांच्या ओळखीच्या एका चाचांनी यादीत माझंही नाव घातलं. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. चाचांचं म्हणणं होतं, "चार वर्षं फी भरण्यापेक्षा हे बरं. पोरगी घरात बसून कमवेल." अम्मीने मशीन घ्यायला नकार दिला आणि माझा फॉर्म भरला. त्यानंतर दहा वर्षं मी सुई हातात धरली नाही. बटण तुटलं तरी बाहेरून लावून आणायचे. सुई म्हणजे घरात बसणं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दादी गेल्यावर तिची एक वाकळ माझ्या वाट्याला आली. कडेला फाटली होती. दुरुस्त करावी म्हणून टाके उसवले आणि आत बघतच राहिले. वर दादीचं हिरवं लुगडं, त्याखाली अब्बांचे शाळेतले सदरे आणि त्याखाली आणखी एक जीर्ण वाकळ, जशीच्या तशी. माझ्या कामातही जुनी यंत्रणा आत तशीच ठेवून वर नवा थर चढवतात. मला हसू आलं, आणि रडूही.

दादी वाकळ कशी शिवायची ते मी लहानपणी पाहिलं होतं. दुपारी अंगणात कापडं एकावर एक अंथरायची, ताणून सुरकुत्या काढायच्या, कच्चे टाके घालायचे. मग एका कडेपासून धावदोरा सुरू. शेजारच्या काकू समोरच्या कडेला बसायच्या. चौकोनाच्या आत चौकोन असं करत टाके मध्यापर्यंत यायचे. मधली जागा बंद करण्याआधी दादी त्यात ज्वारीचे चार दाणे टाकायची. म्हणायची, "खाली पेट नहीं रखना."

भाषणात गोधडी आली की एक वाक्य हमखास येतं: वेगवेगळे तुकडे, एकच गोधडी, तसाच आपला देश. ते खोटं नाही. पण ते ऐकलं की मला प्रश्न पडतो, यातले टाके कुणी घातले? त्यात किती दुपारी गेल्या? आज तुला शिवायचंय की झोपायचंय, असं दादीला कधी कुणी विचारलं का? वाकळ हा तिचा शौक नव्हता. थंडी आली होती आणि घरात सात माणसं होती.

तरीही एक गोष्ट सांगते. वाकळीच्या चारही कोपऱ्यांवर ती लाल कापडाचे त्रिकोण लावायची. त्रिकोणाने ऊब वाढत नाही. तेवढं तिने स्वतःसाठी केलेलं होतं. पुढे मला कळलं की कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात राहणाऱ्या सिद्दी बायकाही अशाच जुन्या कपड्यांच्या 'कवंदी' शिवतात. त्यांच्यात मुस्लिम आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. त्या कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना 'फुला' म्हणतात. त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. गरजेच्या कामातही बायकांनी आपल्या आनंदाचा एक कोपरा राखलेला असतो. माझं आजचं म्हणणं त्या कोपऱ्याबद्दल आहे.

दादीची वाकळ नीट करायला मला पाच महिने लागले. मग रंगांकडे वळले. रंगवणं म्हणजे निव्वळ रसायनशास्त्र, म्हणून ते मला फार आवडतं. आधी कापड सोडा घालून उकळायचं, म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघून जातो. मग हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं आणि तुरटीच्या पाण्यातून काढायचं. सुती धाग्याला रंग सहजी चिकटत नाही. हिरड्यातलं टॅनिन तुरटीला धरतं आणि तुरटी रंगाला. दसऱ्यानंतर सोसायटीतली झेंडूची तोरणं मी मागून आणते. त्यातून सोनेरी पिवळा निघतो. तेच हिरड्याचं कापड लोहपाण्यात, म्हणजे गंजके खिळे आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्यात बुडवलं, की डोळ्यांदेखत काळपट होतं.

हे ज्ञान माझं नाही. कच्छमधल्या धमडका आणि अजरखपूरचे खत्री कारागीर याच हिरडा, तुरटी आणि लोहपाण्यावर अजरख छापतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडक्यातली काही कुटुंबं उठून भुजजवळ आली आणि त्यांनी अजरखपूर वसवलं. त्यांच्यातल्या इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधल्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. त्यांचं ते पोटापाण्याचं काम आहे, माझा तो रविवारचा शौक. दोन्हींत गल्लत करू नये, म्हणून हे सांगितलं.

वर्ग सुरू झाला तो कॉलनीतल्या एका रिकाम्या खोलीत. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. एकीने आईची आवडती साडी आणली होती. मी विचारलंही नाही आणि झेंडूच्या रंगात घातली. साडी पॉलिस्टरची निघाली. धुतल्यावर सगळा रंग वाहून गेला. तेव्हापासून नियम केलाय: आधी कापडाचा एक धागा जाळून बघायचा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. निळीच्या दिवशी मात्र वर्ग गप्प होतो. कापड पिंपातून हिरवट-पिवळं बाहेर येतं आणि हवा लागली की दोन-चार मिनिटांत निळं होतं. का होतं ते मी समजावून सांगते, पण त्या वेळी माझ्याकडे कुणी बघत नसतं. बघू पण नये.

त्या वर्गात एक भाभी यायच्या. हात अतिशय साफ, माझ्यापेक्षा टाका बारीक. महिन्याभराने त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी तुम्हाला पाचशे रुपये देते. तेच तुम्ही मला सगळ्यांसमोर परत द्या." मला कळेना. त्यांनी घरी सांगितलं होतं की हे ऑर्डरचं काम आहे. कामासाठी बाहेर पडायला परवानगी होती, शौकासाठी नव्हती. आता घरचे कमाई विचारत होते. मी पैसे घेतले आणि परत दिले. असं तीन महिने केलं. मला त्याचा अभिमान नाही, पण दुसरं काही सुचलं नाही. चौथ्या महिन्यात घरी खरं कळलं आणि त्या यायच्या बंद झाल्या. त्यांची अर्धी गोधडी माझ्या कपाटात आहे.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत एक आकडा आहे. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यावर घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. फरक जवळपास साडेतीन तासांचा. मी आठवड्याला दोन तास मागते आहे.

आपल्याच काही कार्यकर्त्यांनी मला विचारलंय, "हे पोट भरलेल्यांचे चोचले नाहीत का? आपल्या बायकांपुढे तलाक, पोटगी, शिक्षण, नोकरी असे प्रश्न आहेत." प्रश्न रास्त आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्यासोबत मुंबईत मोर्चा काढणाऱ्या त्या सात महिलांपुढे जगण्याचाच प्रश्न होता. तो लढा मोठा आहे आणि संपलेला नाही. माझी नोकरी आहे म्हणून मला शौक परवडतो, हेही खरं. पण मुस्लिम बाईसाठी काही करायचं म्हटलं की आपण मशीन देतो, कर्ज देतो, प्रमाणपत्र देतो. ती कमावेल तेव्हाच घराबाहेर पडायला पात्र, हे आपणही नकळत मान्य करतो. त्या भाभींच्या घरचे नेमकं तेच म्हणत होते. पुरुषाला चौकात चहा प्यायला कारण सांगावं लागत नाही. बाईच्या दोन तासांना मात्र पावती लागते.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. आपल्या प्रत्येक शाखेने आठवड्यातून दोन तास एक खोली बायकांसाठी उघडी ठेवावी. तिथे गोधडी शिवा, रंगवा, नाहीतर नुसत्या बसा. विक्रीचं प्रदर्शन नको, लाभार्थींची यादी नको. त्या दोन तासांत मुलं पुरुष कार्यकर्त्यांनी सांभाळावीत. आणि ज्या पुरुषांना शिवायला शिकायचंय, त्यांनीही यावं. आमच्या वर्गात दोघे येतात. एकाचा टाका वाकडा जातो, पण तो येतो.

भाभींच्या गोधडीचे टाके मी पुढे घातलेले नाहीत. मधली जागा उघडीच ठेवली आहे. त्या आल्या, तर दाणे त्यांनीच टाकावेत.