खिशातले फोटो



जालना जिल्ह्यातल्या वाटूर फाट्यावर एरवी माणूस गाडी बदलायला उतरतो. आज तो साहित्यासाठी उतरला, हे श्रेय संयोजकांचं. मराठीच्या भवितव्याची चिंता करणं हे संमेलनाध्यक्षाचं कामच. पण ते मी उद्याच्या परिसंवादावर सोपवतो आणि सिनेमाविषयी बोलतो.

सॅम मेंडिसचा '१९१७' हा पहिल्या महायुद्धावरचा सिनेमा २०१९ मध्ये आला. त्यात गोऱ्या सैनिकांच्या ट्रकमध्ये एक शीख शिपाई दिसतो. हा ओढूनताणून बसवलाय, अशी कुरकुर एका इंग्रज नटानं केली. पुढं माफीही मागितली. तेरा लाखांवर हिंदी माणसं त्या युद्धात गेली, सत्तर हजारांवर परतलीच नाहीत. तेव्हा त्या कुरकुरीत काही दम नव्हता. माझी तक्रार वेगळी आहे. शेवटी नायक झाडाला टेकून बसतो, घरच्यांचे फोटो काढून बघतो. त्या शिखाच्या खिशात कुणाचा फोटो होता? त्याला ट्रकमध्ये जागा मिळाली, घर मिळालं नाही.

आता आपल्याकडचा सिनेमा घ्या. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपाननं तो देश गिळायला घेतला होता आणि आपण स्वतः इंग्रजांच्या ताब्यात होतो. वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडंच कळली, तरी ते परतले नाहीत. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणीस ते स्वतः झाले आणि चिनी नायिका जयश्रीबाई. आजच्या हिशेबानं हे प्रतिनिधित्व नापास. पण मरणाच्या दारातला कोटणीस बायकोला आपल्या घराची वाट सांगतो आणि ती परकी सून लेकराला घेऊन सोलापूरच्या उंबऱ्यापर्यंत येते. मला विचाराल तर चेहरा चुकला, दुःख नाही चुकलं. या दोन सिनेमांत निवड करायची तर मी बापूंच्या बाजूनं मत देईन. अर्थात खऱ्या छिंगलानबाई चीनमध्येच राहिल्या. १९६७ मध्ये ऐन तारुण्यात मुलगाही गेला आणि त्यानंतर त्या २०१२ पर्यंत जगल्या. एवढी वर्षं कशी काढली असतील, ते बापूंच्या सिनेमात मावणारं नव्हतंच.

आणि आपलं जालना? इथं निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या फौजेतून पुढं झालेली विसावी डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूड या जंगलावर भाले घेऊन चालून गेली. समोर मशीनगन होत्या. त्या रिसाल्यात शीख होते, जाट होते आणि दख्खनी मुसलमानही होते. आपल्या युद्धपटांत मुसलमान बहुधा समोरच्या बाजूला उभा असतो. हा घोडेस्वार त्या चौकटीत बसत नाही, म्हणून तो कुणाला आठवत नसावा. महार शिपायाचंही तेच. १९१७ मध्ये उभी केलेली १११ वी महार पलटण महायुद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. बंदूक काढून घेतलेला तो गडी गावात परतला तेव्हा त्याला पाणी कुठं भरू दिलं, हाही युद्धपटाचाच विषय आहे.

इथल्या तरुण लेखकांनी तोफांच्या मागं लागू नये. तोफांना पैसे लागतात. दख्खनी सवाराच्या आईपासून सुरुवात करा. वाचता न येणाऱ्या बाईला सरकारी कागद कोण वाचून दाखवतो? तो वाचणारा एखादी ओळ गाळतो का? शेजारची कुणबीण भाकरी घेऊन येते, तेव्हा दोघी काय बोलतात? बोलतील ते जालन्याच्या बोलीत बोलू द्या, पुण्याच्या नको. निर्माता म्हणेल, हे कुणाला कळणार? त्याला सांगा, खाली मराठीत पट्टी टाक.