वंगणाऐवजी वारा

श्रोतेहो, ज्याच्या घरी बैलगाडी आहे किंवा होती त्याला वंगणाचे महत्त्व सांगायला नको. आस कोरडा पडला की गाडी कुरकुरू लागते, आस तापतो, आणि तशीच गाडी हाकत राहिले तर तुंबा झिजून चाक डगमगते. आणि बैलगाडीचे चाक फिरते तरी किती? मिनिटाला फार तर पंधरा-वीस फेरे.

आता एक इंच जाडीचा असा पोलादी दांडा डोळ्यांसमोर आणा, की जो मिनिटाला ६०,००० फेरे घेतो. त्याचा पृष्ठभाग ताशी सुमारे २८५ किलोमीटर वेगाने धावत असतो. त्या वेगाने निघालेला माणूस पुण्याहून मुंबईला चाळीस मिनिटांत पोहोचेल. अशा दांड्याला आधार कशाचा द्यायचा?

तुम्ही म्हणाल, बॉल बेअरिंगचा. आपल्या चिंचवडला साठीच्या दशकातच बॉल बेअरिंगचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि सायकलीपासून मोटारीपर्यंत ही बेअरिंगे उत्तम काम देतात. पण वेग फार वाढला की गोळ्या बाहेरच्या कड्यावर जोराने दाबल्या जातात आणि तापतात. तेलाचे बेअरिंग घ्यावे, तर तेलाची टाकी, पंप, गाळणी आणि गळती थांबवण्याची व्यवस्था आली. शिवाय काही ठिकाणी तेलाचा थेंबही चालत नाही. विमानात प्रवाशांसाठी हवा थंड करणारे जे यंत्र असते, त्यात तेल गळले तर ते थेट माणसांच्या श्वासात जाईल. म्हणून तिथे दांड्याला आधार देतात तो हवेचाच.

हे ऐकायला नवलाचे वाटते. पण शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. वहीचा एक कोरा, सपाट कागद घ्या. गुळगुळीत फरशीलगत आडवा धरून तो पुढे ढकलून सोडा. कागद सुरकन पुढे जातो. कशावरून जातो? फरशीवरून नव्हे, फरशी आणि कागद यांच्यामध्ये सापडलेल्या हवेच्या पातळ थरावरून. वेग कमी झाला की थर नाहीसा होतो, कागद फरशीला टेकतो आणि एकदम थांबतो. आजच्या विषयाचे सारे मर्म या कागदात आहे.

या शोधाची सुरुवात रेल्वेच्या आसापासून झाली. १८८३ साली इंग्लंडात बोशॅम्प टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेरच येऊ लागले. भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तेलाने तीही वर ढकलून दिली! फिरणारा आसच तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेतो आणि त्या दाबावर स्वतः तरंगतो, हे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली गणिताने दाखवून दिले. पुढे १८९७ साली अमेरिकेत अल्बर्ट किंग्जबरी यांनी हेच काम हवा करू शकते, हे सिद्ध केले.

मग अडचण कुठे आली? हवा तेलापेक्षा हजारो पटींनी पातळ. तिच्यावर तरंगायचे तर फट अगदी बारीक हवी, मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. आता लोहार धाव चाकावर कशी चढवतो ते आठवा. तापवली की ती वाढते, निवली की आवळते. आपला एक इंची दांडाही १०० अंशांनी तापला तर प्रत्येक बाजूने सुमारे ०.०१५ मिलिमीटर फुगतो. फट ०.०१ ची आणि दांडा फुगला ०.०१५! भोवतीचे कडे टणक आणि थंड असेल, तर दांडा त्यात अडकलाच म्हणून समजा. या वेगात अडकला, की यंत्राचे क्षणात तुकडे.

यावरचा उपाय म्हणजे कडे टणक ठेवायचेच नाही. १९५३ साली, म्हणजे आपले पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, हॉलंडमध्ये ब्लॉक आणि व्हान रॉसम यांनी पातळ पत्र्याच्या बेअरिंगची कल्पना मांडली. आज त्याची रचना साधारण अशी असते. आतल्या बाजूला कागदासारखा लवचिक, गुळगुळीत धातूचा पत्रा, जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. त्याच्या पाठीमागे शाळेच्या छपरावर असतो तसा, पण अगदी चिमुकला पन्हळी पत्रा. दांडा फुगला की पन्हळी दबतात आणि पत्रा मागे सरतो. दांडा थरथरला तर पन्हळींच्या घासण्यात ती थरथर जिरते.

हे बेअरिंग किती भार घेईल, याचा अंदाज सातवीचा मुलगाही काढील. अमेरिकेतील नासाच्या ग्लेन केंद्रात डेलाकोर्ट आणि व्हाल्को यांनी २००० साली एक सोपा ठोकताळा दिला. व्यासाचा वर्ग, गुणिले लांबी, गुणिले हजारांत मोजलेले मिनिटाचे फेरे. मापे इंचांत, उत्तर पौंडांत. एक इंच व्यास, एक इंच लांबी आणि ६०,००० फेरे, तर ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो. मात्र हे झाले उत्तम रचनेचे. जुन्या, साध्या रचनेत याच्या दहा ते तीस टक्केच भार पेलला जाई. दांडा तोच, हवाही तीच. फरक पडला तो पन्हळींची ताठरता जागोजागी कमी-जास्त ठेवल्यामुळे.

आता दोष सांगतो. दांडा वेगात असतो तोवर झीज जवळजवळ नाही. झीज होते ती सुरू होताना आणि थांबताना, कारण तेव्हा कागदाप्रमाणे दांडाही टेकलेला असतो. म्हणून अशा बेअरिंगचे आयुष्य तासांपेक्षा चालू-बंदच्या खेपांत मोजायचे, आणि घासण्याच्या जागी खास लेप द्यायचा. नासाच्या प्रयोगशाळेत अशा लेपाने १,००,००० हून अधिक खेपा सोसल्या. धक्के खाणाऱ्या, जड आणि सावकाश फिरणाऱ्या यंत्राला मात्र हे बेअरिंग कामाचे नाही. बैलगाडीला वंगणच बरे!

डीसी-१० विमानात ही बेअरिंगे सत्तरच्या दशकापासून वापरात आली. सांडपाणी शुद्ध करताना त्यात हवा सोडणाऱ्या वेगवान पंख्यांतही आज ती असतात. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हेलियम द्रवरूप करणारी यंत्रणा तयार झाली, तिच्यातील चिमुकल्या टर्बाइनचे दांडेही वायूच्याच आधारावर फिरतात. हेलियम द्रवरूप होतो तो उणे २६९ अंशांना. तिथे तेल दगडासारखे गोठेल.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आपल्या गावोगावची मुले कामाला जातात. यंत्र कुरकुरले की तेल सोडायचे, हे त्यांच्या हाताला ठाऊक असते. पण या बेअरिंगवर 'आवाज येतोय, सोड थोडं तेल' असे कुणी केले, तर त्या चिकट थेंबावर धूळ बसून बारीक फट बुजेल आणि बेअरिंग निकामी होईल. इथे जपायची ती हवेची गाळणी. तेव्हा गुरुजी, उद्या वर्गात तो कागद जरूर सोडून पाहा, आणि तो एकदम का थांबला, हे आधी मुलांनाच विचारा.