उजाली बावडी आणि अंधेरी बावडी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या विषयाचं नाव जरा भारदस्त छापलं गेलं आहे: ‘माणूसकेंद्री रचना आणि तंत्रज्ञान’. नावाला घाबरू नका, गोष्ट साधी आहे. आपण वस्तू घडवतो आणि मग त्या वस्तू आपल्याला सवयी लावतात. कोणती वस्तू चांगली सवय लावते आणि कोणती वाईट, एवढंच आज पाहायचं आहे. त्यासाठी लांब जायला नको. मांडू आपल्या उशाशी आहे.

माळव्यातलं मराठी घर पावसाळ्यात एकदा तरी मांडूला जातंच. जहाज महाल पाहतो, रूपमतीच्या मंडपातून खाली नर्मदेची रेघ दिसते का ते बघतो, खुरासानी चिंच घेतो आणि परततो. आज त्याच मांडूकडे पाण्याच्या नजरेने पाहू. विंध्याच्या कड्यावर सुमारे 2,000 फूट उंचीचं हे पठार. नर्मदा वरून दिसते, पण ती खाली निमाडात. तिचं पाणी वर आणण्याचं साधन तेव्हा नव्हतं. म्हणजे चार महिन्यांत जे आभाळातून पडेल, त्यावर पुढचे आठ महिने काढायचे.

म्हणून तिथली प्रत्येक इमारत पाण्याचा विचार करते. पंधराव्या शतकात ग्यासुद्दीन खिलजीच्या काळी उभा राहिलेला जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध आहे. तिथे गच्चीवरचे नागमोडी, गोल फिरणारे दगडी पाट पाहून आपण ‘काय नक्षी आहे!’ म्हणतो. पण ती केवळ नक्षी नाही. वळणांमुळे पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ मागे राहतो. चंपा बावडीच्या खालच्या अंगाला तळघरातल्या खोल्या जोडलेल्या आहेत. पाण्याचा गारवा त्यांत शिरतो आणि उन्हाळा सुसह्य होतो. शेजारच्या हमामाच्या छताला ताऱ्यांच्या आकाराची छिद्रं आहेत, त्यांतून उजेड आत येतो.

पण आम्हाला आज सांगायचं आहे ते दोन विहिरींबद्दल. गदाशाहच्या दुकानाच्या अवशेषांजवळ दोन बावड्या आहेत. एक उजाली, दुसरी अंधेरी. उजाली आभाळाला उघडी. तिच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. अंधेरी वरून झाकलेली, कमानींच्या सावलीत, जेमतेम उजेडाची. दोन्हींचं काम एकच, पण वापरणाऱ्याला त्या वेगळं सांगतात. उजालीत पाणी किती उरलं हे काठावरूनच दिसतं. कार्तिकात चार पायऱ्या उतरून पाणी मिळत असेल, तर वैशाखात कितीतरी जास्त उतरावं लागणार. प्रत्येक उघडी पडलेली पायरी म्हणजे एक सूचना: जपून वापरा.

अमेरिकेतले डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर 1988 मध्ये एक पुस्तक लिहिलं, ते जगभर गाजलं. त्यांचं म्हणणं असं की, दार ओढायचं की ढकलायचं हे कळलं नाही तर दोष माणसाचा नाही, दाराचा. आणि दुसरं म्हणजे, आपण काही केलं की वस्तूने उत्तर दिलं पाहिजे, काय झालं ते आपल्याला कळलं पाहिजे. उजाली बावडी हे उत्तर शेकडो वर्षांपूर्वी देत होती.

आपल्या आज्या-पणज्यांच्या वाड्यांतला आडही असंच उत्तर द्यायचा. पोहरा सोडला की पाण्यावर आपटल्याचा आवाज किती उशिरा येतो, त्यावरून पातळी कळायची. उन्हाळ्यात दोराला तुकडा जोडावा लागला की घरात बोलणं न होताच अंगणातला सडा कमी व्हायचा. कुणी भाषण देऊन ती काटकसर शिकवली नव्हती. दोराने शिकवली होती.

मग नळ आला, मोटर आली, गच्चीवर काळी टाकी आली. कळ दाबली की पाणी. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतर कापून, विंध्य चढवून नर्मदा इंदूरच्या नळांत आली. केवढं मोठं काम! पण त्या चढाची, त्या विजेची खूण नळाच्या तोटीवर कुठेच नाही. आपल्याला पाण्याची पातळी केव्हा कळते? टाकी भरून वाहू लागते आणि शेजारी हाक मारतात तेव्हा, किंवा तोंडाला साबण लावलेला असताना नळ फुसकन आवाज करतो तेव्हा. घरोघरी आपण अंधेरी बावडी बसवली आहे.

याचा परिणाम किती लांब जातो, ते देवासने भोगलं आहे. जुन्या तलावांकडे दुर्लक्ष झालं, कूपनलिका आल्या. कूपनलिका ही अंधेरीहून अंधेरी. सहा-आठ इंचांचं भोक, आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. शेजाऱ्याने तीनशे फूट खोदलं की आपण चारशे खोदायचं. शेवटी 1990 मध्ये इंदूरहून रेल्वेच्या टँकरांनी देवासला पाणी आणावं लागलं. पावलोपावली पाणी म्हणून ज्या माळव्याचा लौकिक, तिथे पाण्याची आगगाडी!

आणि उत्तरही देवास जिल्ह्यानेच शोधलं. 2006 मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने ‘भागीरथ कृषक अभियान’ सुरू झालं. पाणी वाचवणं हे पुण्यकर्म म्हणून नव्हे, तर नफ्या-तोट्याचं गणित म्हणून शेतकऱ्यांपुढे मांडलं गेलं. जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्याला द्यायचा आणि उरलेल्या जमिनीला खात्रीचं पाणी मिळवायचं. तळ्याला नाव दिलं ‘रेवा सागर’ आणि शेतकऱ्याला ‘भागीरथ कृषक’. टोंक कलांसारख्या गावांच्या शिवारात आणि पुढे जिल्हाभर हजारो शेततळी झाली. त्याचा आर्थिक लाभ सर्वांना दिसला. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तळं डोळ्यांपुढे असतं. रब्बीच्या तोंडाला काठावर उभं राहून पाणी बघायचं आणि मग गहू किती, हरभरा किती ते ठरवायचं. कूपनलिकेने ही नजर काढून घेतली होती, तळ्याने परत दिली.

इथे एक शंका रास्त आहे आणि ती बहुधा भगिनींच्या मनात आधी येईल. उजाली बावडीच्या त्या पायऱ्या भरल्या घागरीसह चढायच्या कुणी? आडाचा दोर ओढून कुणाच्या तळहातांना घट्टे पडले? जहाज महालात पाणी वर चढवणाऱ्यांची नावं इतिहासात नाहीत. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ म्हणून आम्ही नळ काढून आड खणायला सांगत नाही. नळाने बाईच्या डोक्यावरची घागर उतरवली, हे उपकार मोठेच. पण कष्ट गेले त्याबरोबर नजरही जावी, अशी काही अट नव्हती. कष्ट कमी करायचे आणि उरलंय किती ते दाखवत राहायचं, ही दोन्ही कामं जी वस्तू करते, ती खरी माणसाच्या सोयीची.

हीच कसोटी खिशातल्या मोबाइललाही लावून पाहा. बटव्यातून नोट काढताना बटवा हलका झालेला हाताला कळायचा. आता चौकोनी ठिपक्यांच्या चित्रापुढे फोन धरला की ‘टुंग’ वाजतं. कचोरीचे तीस रुपये आणि किराण्याचे तीन हजार, दोन्हींचा आवाज तोच. सोय झाली, रांगा गेल्या, सुट्या पैशांची कटकट मिटली. पण महिनाअखेर कुठे आली हे हाताला कळेनासं झालं. त्यावर उपाय कठीण नाही. रोज रात्री झालेला खर्च वहीत लिहिणं म्हणजे अंधेरी बावडीला झरोका पाडणं.

तेव्हा आमची तीन मागणी आहेत, सगळी बिनखर्चाची किंवा अल्पखर्चाची. पहिली, घराच्या टाकीला बाहेरून दिसेल अशी पारदर्शक नळी लावा, तिच्यावर खुणा करा आणि ती पाहायचं काम घरातल्या लहान मुलाकडे द्या. दुसरी, विजेच्या मीटरचा आकडा आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहा. तिसरी मंडळासाठी: उत्सवाच्या दहा दिवसांत पाण्याचे किती टँकर लागले, ते रोज प्रवेशद्वाराच्या फळ्यावर खडूने लिहावं. कुणाला उपदेश करू नये, नुसता आकडा लिहावा.

पुढच्या खेपेस मांडूला जाल तेव्हा जहाज महालावरून थेट गाडीकडे वळू नका. मुलांना त्या दोन बावड्यांपाशी न्या आणि विचारा, यांपैकी कुठली आपल्या घरात आहे? उत्तर ती बरोबर देतील.