टिटवीची चार अंडी



मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं मेहकर आणि लोणार या तालुक्यांत गेली. असा माणूस आज तुमच्याशी कॉम्प्युटरवरच्या खेळाविषयी बोलणार, हे ऐकून आमच्या घरातसुद्धा हशा पिकला होता. पण त्या खेळानं माझी एक जुनी चूक उकरून काढली. ती सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

गेल्या मे महिन्यात नातू पुण्याहून सुट्टीला आला. वय अकरा. सोबत त्याच्या वडिलांचा जुना लॅपटॉप. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी अकरानंतर मूल बाहेर सोडण्याची सोय नसते, त्यामुळे तो ओसरीवर पडून खेळत असायचा. मी शेजारी वर्तमानपत्र घेऊन. एके दिवशी त्या लॅपटॉपमधून पाखराचा आवाज आला. यंत्राचा किर्र आवाज नव्हे, जिवंत पाखराचा. मी चष्मा लावून जवळ सरकलो.

खेळाचं नाव विंगस्पॅन. म्हणजे पंखांचा पसारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एलिझाबेथ हारग्रेव्ह या अमेरिकन बाईंनी तो आधी पत्ते आणि पट यांचा खेळ म्हणून तयार केला. २०१९ साली तो बाजारात आला, त्याच वर्षी त्याला जर्मनीतला खेळांचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये तो कॉम्प्युटरवर आला. मूळ संचात १७० पक्षी. प्रत्येकाच्या पत्त्यावर चित्र, पंखांची लांबी, घरट्याचा प्रकार, खाणं, राहण्याची जागा आणि खाली एका ओळीत त्या पक्ष्याची खरी माहिती. या बाई व्यवसायानं पक्षितज्ज्ञ नव्हत्या. त्यांनी अभ्यासकांनी जमवलेली माहिती घेतली, तिचे मोठमोठे तक्ते केले आणि त्यावरून पत्ते बेतले. पक्ष्याचा जो स्वभाव, तीच त्याची खेळातली चाल. काउबर्ड नावाचा एक अमेरिकन पक्षी आपल्या कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. खेळातही तो तेच करतो! मला हे फार आवडलं. पाठांतर न करता मूल शिकतं.

तरी शिक्षकाची सवय जात नाही. मी नातवाला विचारलं, "यातलं सगळं खरं कशावरून?"

तो म्हणाला, "आबा, तुम्हीच तपासा."

मग आम्ही दोघं बसलो. मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश माझ्याकडे आहे, तो काढला. पण लगेच अडलो. खेळातले बरेच पक्षी अमेरिकेतले, कोश आपल्याकडचा. एक ओळखीचं नाव दिसलं, रॉबिन. नातू म्हणाला, रॉबिनची अंडी निळी असतात. त्याचं खरं होतं, पण अमेरिकेतल्या रॉबिनपुरतं. आपल्या गोठ्याच्या भिंतीवर शेपटी उभारून नाचतो, काळा, शेपटीखाली तांबूस, त्या चिरकालाही इंग्रजीत रॉबिनच म्हणतात. त्याची अंडी फिकट, वर तांबूस ठिपके. घरट्याला त्याला भिंतीतलं भोक पुरतं. साहेब लोकांना परमुलखात आपल्या घरच्या पाखराची आठवण आली की ते दिसेल त्याला रॉबिन म्हणत असावेत. विलायतेतला रॉबिन वेगळा, अमेरिकेतला वेगळा, आपला तिसराच. तेव्हा माहिती अचूक असली तरी ती कुठली, हे विचारावं लागतं. नातवानं वहीत लिहिलं, 'चिरक, अंडी ठिपक्यांची'. आणि खाली माझं नाव घातलं, पुरावा म्हणून. मी जरा फुशारलो.

ती फुशारकी दुसऱ्या दिवशी उतरली.

त्याच्या आईच्या मोबाइलवर प्रश्नोत्तरांचा एक फुकटातला खेळ होता. नाव घेत नाही. त्यात प्रश्न आला, कोणता पक्षी पाय आकाशाकडे करून झोपतो? नातवानं 'टिटवी' दाबलं. घंटा वाजली, पाच गुण मिळाले. तो धावत आला. "आबा, हे खरं का?"

आणि श्रोतेहो, मी 'हो' म्हणणार होतो. शब्द ओठावर आला होता. कारण ही गोष्ट मी वर्गावर्गांत सांगितली होती. आकाश कोसळेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, पोरं हसायची, तास रंगायचा. टिटवी झोपलेली मी स्वतः कधीच पाहिली नव्हती. ती रात्रीसुद्धा जागी असते, आपणच तिच्या ओरडण्यानं जागे होतो. जमिनीवर वावरणारा पक्षी तो, विसावतोही जमिनीवरच, पायांवर उभा राहून नाहीतर पोटावर बसून.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण टिटवीविषयी मी आणखी एक गोष्ट शिकवत असे, आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांसारखी. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, खोलगट जागी घातली की कमी. आणि जितकी अंडी, तितके महिने पाऊस. आपला जिल्हा पावसाकडे डोळे लावून बसणारा. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते, तिचं भाकीत ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात. तिथे टिटवीला कोण विचारणार नाही?

ही गोष्ट मी चौथीच्या वर्गात सांगितली, त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. उन्हाळ्याचे दिवस, सकाळची शाळा. दुसऱ्या दिवशी एक मुलगा टोपीत काहीतरी झाकून घेऊन आला. "गुर्जी, पाहा न, चार अंडे हायेत! चार महिने पानी!" त्याच्या बापाच्या पडीत वावरात, खड्यांमध्ये त्याला ती सापडली होती. मातकट, वर काळे डाग. मी त्याला शाबासकी दिली. अंडी टेबलावर ठेवली आणि सगळ्या वर्गाला रांगेनं दाखवली. परत नेऊन ठेव, हे काही मला सुचलं नाही.

दोन दिवसांनी त्याचा बाप रस्त्यात भेटला. रागानं नाही, सहज म्हणाला, "गुर्जी, ते टिटवी लय वरडून राह्यली वावरात. झोपू देत नाई." मी मान हलवून पुढे गेलो.

त्या साली पाऊस किती झाला, मला आठवत नाही. तिची अंडी कितीही मोजली तरी ती बहुधा चारच भरतात, कधी तीन. मग दरवर्षी चार महिनेच पाऊस पडायला हवा! एवढा हिशेब मला, गणित शिकवणाऱ्याला, सुचला नव्हता.

चुकीच्या माहितीचं फळ पाखरांनी भोगल्याचं, आणि माणसांनीही, एक मोठं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ मध्ये डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात शेवटचे नमुने मिळवले. पुढे माइनर्ट्झहागेन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं सांगितलं की, मला तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळाला. साफ खोटं. तो नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली. त्या एका चिठ्ठीमुळे लोक भलत्या जागी शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी खोट्या चिठ्ठ्या बाजूला काढून खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या आणि १९९७ च्या नोव्हेंबरात त्यांना व त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही सापडला. आपल्या संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य त्याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. नातवाला ही गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "म्हणजे त्या माणसानं चीटिंग केलं."

जुन्या समजुती सगळ्या टाकून द्या असं मी म्हणत नाही. घुबडाला ढेकूळ मारलं तर ते उचलून पाण्यात टाकतं, आणि ढेकूळ विरघळतं तसा मारणारा झिजतो, असं आमची आजी सांगायची. हे खोटंच, पण त्या धाकानं आम्ही पोरांनी कधी घुबडाला ढेकूळ मारलं नाही. टिटवीच्या नशिबी अशी गोष्ट आली नाही.

सुट्टी संपायला आठ दिवस उरले असताना आम्ही दोघं पहाटे पडीत वावराकडे गेलो. टिटवी आहे हे दुरूनच कळलं, तिनं डोक्यावर घिरट्या घालून सगळ्या शिवाराला कळवलं. आम्ही मागे सरून लांब निंबाखाली बसलो, दीड तास. ऊन चढलं. मग ती उठली, विहिरीच्या पन्हाळीखाली साचलेल्या पाण्यात गेली, पोट बुडवलं आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसली. उन्हाळ्यात टिटव्या अंडी थंड ठेवायला असं करतात, हे मी वाचलं होतं. छत्तीस वर्षांत पाहिलं मात्र नव्हतं.

नातवानं वही काढली. तिनं पाण्याला किती फेऱ्या केल्या, हे तो दांड्या मारून मोजत होता. अंडी किती आहेत, ते पाहायला जाऊ का, असं त्यानं एकदा विचारलं. मी नको म्हणालो. त्यानं वहीत अंड्यांच्या रकान्यात लिहिलं, 'पाहिली नाहीत'.